भाड्याचे घर: अकरा महिन्यांचा नोटरी करार पुरेसा असतो का?

घर भाड्याने देताना किंवा घेताना महाराष्ट्रात अजूनही एक ठरलेला क्रम दिसतो. एजंट घर दाखवतो, भाडे आणि डिपॉझिट ठरते, स्टॅम्प पेपरवर करार छापला जातो, नोटरीचा शिक्का बसतो आणि चावी हातात पडते. करार अकरा महिन्यांचा असतो. कारण विचारले तर उत्तर मिळते, "वर्षाच्या आत असला की नोंदणी करावी लागत नाही."

हे उत्तर महाराष्ट्रापुरते तरी चुकीचे आहे. राज्यात 31 मार्च 2000 पासून भाड्याचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, मग तो अकरा महिन्यांचा असो किंवा तीन वर्षांचा. सगळे सुरळीत चालले तर नोंदणी नसल्याचा फरक जाणवत नाही. मुदत संपूनही घर रिकामे होत नाही किंवा डिपॉझिट परत मिळत नाही, तेव्हा मात्र हाच फरक महागात पडतो.

घर देणारा आणि घेणारा अशा दोघांनी काय तपासावे, करारात काय लिहावे आणि खर्च किती येतो, याची ही माहिती.

अकरा महिन्यांची पद्धत कुठून आली?

नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी आणि तिचा खर्च टाळायचा असेल तर मुदत वर्षाच्या आत ठेवायची, हा त्यावरचा साधा उपाय होता. देशातल्या अनेक शहरांत अकरा महिन्यांचा करार रूढ झाला तो यामुळे.

महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू झाला आणि त्याच्या कलम 55 ने हा मार्ग बंद केला. या कलमात मुख्यतः तीन गोष्टी आहेत.

एक, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत किती आहे याला महत्त्व नाही.

दोन, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते.

तीन, नोंदणी न करणाऱ्या मालकाला दोषी ठरल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यातला दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. भाडे वीस हजार ठरले होते की बारा, डिपॉझिट किती दिले, मुदत कधी संपते, या प्रत्येक प्रश्नावर वाद झाला तर नोंदणी न केलेला मालक मागच्या पावलावर असतो. नोटरी फक्त सह्या कोणी केल्या ते प्रमाणित करतो. नोटरीच्या शिक्क्यामुळे करार नोंदणीकृत होत नाही.

भाडेकरू की लायसेन्सी?

बोलताना सगळेच 'भाडेकरू' म्हणतात, पण कायद्यात दोन वेगळी नाती आहेत. भाडेपट्ट्यात जागेवर भाडेकरूचा हक्क तयार होतो. 'लिव्ह अँड लायसन्स' करारात फक्त ठराविक काळ राहण्याची परवानगी मिळते. जागेत हितसंबंध तयार होत नाही. परवानगी देणारा लायसेन्सर आणि राहणारा लायसेन्सी. या परवानगीची मूळ व्याख्या भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 च्या कलम 52 मध्ये आहे.

महाराष्ट्रातल्या मालकांना हा फरक महत्त्वाचा वाटतो, त्यामागे इतिहास आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूंना मोठे संरक्षण दिले. भाडे गोठले आणि भाडेकरूला काढणे जवळपास अशक्य झाले. तेव्हा मालकांनी भाडेपट्ट्याऐवजी लायसन्सवर जागा द्यायला सुरुवात केली. पुढे 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही संरक्षित भाडेकरूचा दर्जा मिळाला. तात्पुरती म्हणून दिलेली घरे अनेकांच्या हातून कायमची गेली. "भाड्याने दिले की घर गेले" ही भीती मुंबई-पुण्यातल्या जुन्या कुटुंबांत आजही ऐकू येते, तिचे मूळ इथे आहे.

1999 च्या कायद्याने जुन्या, म्हणजे पागडी पद्धतीच्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवले. त्यांचे भाडे वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येते. नव्या लायसन्स करारांसाठी मात्र वेगळी आणि जलद व्यवस्था केली. त्यामुळे आज सोसायटीतला फ्लॅट भाड्याने देताना लिव्ह अँड लायसन्स हाच नेहमीचा मार्ग आहे.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर?

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच रिकामी करून द्यावी लागते. लायसेन्सीने तसे केले नाही तर मालकाला नेहमीच्या दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे दावा चालवावा लागत नाही. त्यासाठी सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

प्रक्रिया अशी असते. अर्ज दाखल झाल्यावर लायसेन्सीला समन्स जाते. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याने प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागायची असते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर घर रिकामे करण्याचा आदेश होऊ शकतो. या आदेशावर अपील नाही. राज्य सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करता येतो.

शिवाय मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई देण्याची जबाबदारी लायसेन्सीवर येते. सोळा हजार भाडे असेल तर महिन्याला बत्तीस हजार.

लायसन्सचा लेखी करार या प्रक्रियेत निर्णायक पुरावा मानला जातो. म्हणजे करारात लिहिलेल्या गोष्टी पुन्हा सिद्ध करत बसावे लागत नाही. जलद मार्गाचा सगळा डोलारा या कागदावर उभा आहे, म्हणूनच नोंदणीला महत्त्व आहे.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ही सोय फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. दुकान किंवा ऑफिससाठी कलम 24 वापरता येत नाही. दुसरे म्हणजे कितीही राग आला तरी मालकाने कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे, वीज-पाणी तोडणे असे मार्ग वापरू नयेत. अशा वेळी पोलीस तक्रार मालकावरच होते आणि सरळ असलेले प्रकरण चिघळते.

बारा वर्षे राहिले की घर भाडेकरूचे होते का?

हा समज फार पसरलेला आहे. मुदत कायदा 1963 नुसार दुसऱ्याच्या जागेवर त्याच्या हक्काला आव्हान देत, उघडपणे आणि सलग बारा वर्षे ताबा ठेवला तर मूळ मालकाचा दावा करण्याचा हक्क संपू शकतो. यालाच प्रतिकूल कब्जा म्हणतात. पण भाडेकरू किंवा लायसेन्सी मालकाच्या परवानगीने राहत असतो. परवानगीचा ताबा कितीही वर्षे चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही.

धोका कागद नसलेल्या व्यवहारात असतो. ओळखीच्या माणसाला तोंडी परवानगीने घर दिले, भाडे रोखीने घेतले, पावती नाही, करार नाही, असे असेल तर तो माणूस परवानगीने राहत होता हे दाखवणेच अवघड होते. नातेवाईक किंवा गावाकडचा माणूस असला तरी करार करावा, तो यासाठी.

खर्च किती येतो?

नोंदणी टाळण्यामागे खर्चाची भीती असते. प्रत्यक्षात हा खर्च एका महिन्याच्या भाड्यापेक्षा बराच कमी असतो. 60 महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते पुढील तीन रकमांच्या बेरजेवर लागते.

• संपूर्ण मुदतीचे एकूण भाडे
• परत न मिळणारे डिपॉझिट असल्यास ती रक्कम
• परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेले व्याज

उदाहरण पाहू. भाडे 16,000 रुपये, परत मिळणारे डिपॉझिट 80,000 रुपये आणि मुदत 24 महिने.

• एकूण भाडे: 16,000 × 24 = 3,84,000 रुपये
• डिपॉझिटवरील व्याज: वर्षाला 8,000, दोन वर्षांचे 16,000 रुपये
• बेरीज: 4,00,000 रुपये
• मुद्रांक शुल्क, 0.25 टक्के: 1,000 रुपये

त्यावर नोंदणी फी शहरी भागात 1,000 रुपये आणि ग्रामीण भागात 500 रुपये. म्हणजे शहरातल्या या दोन वर्षांच्या करारासाठी शुल्क आणि फी मिळून 2,000 रुपये होतात. ऑनलाइन दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटमार्फत केल्यास त्याचा मेहनताना वेगळा. हा खर्च कोणी करायचा ते दोघांनी ठरवायचे असते. अनेक ठिकाणी तो निम्मा-निम्मा वाटला जातो.

या हिशेबात अकरा महिन्यांचा आणखी एक तोटा दिसतो. दर अकरा महिन्यांनी नवा करार करायचा तर नोंदणी फी आणि एजंटचे पैसेही दरवेळी द्यावे लागतात. दोघांनाही जास्त काळ हवा असेल तर 24 किंवा 36 महिन्यांचा करार स्वस्त पडतो. दरवर्षी भाडे किती वाढेल ते त्याच करारात लिहिता येते.

नोंदणी कशी होते?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी करता येते. त्यासाठी आधार क्रमांक, बोटाचा ठसा घेणारे यंत्र आणि कॅमेरा लागतो. विभागाने मान्यता दिलेले सेवा पुरवठादार घरी येऊन हे काम करतात. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे ठसे व फोटो घेतले जातात. सगळ्यांनी एकाच वेळी एका ठिकाणी हजर राहण्याची गरज नसते. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांना दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊनही नोंदणी करता येते. त्यासाठी सह्या झाल्यापासून चार महिन्यांची मुदत असते.

ठसे दिले म्हणजे नोंदणी झाली, असे नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे जातो, तो तपासतो आणि मगच दस्त क्रमांक मिळतो. त्रुटी निघाली तर दस्त परत येतो. हातात फक्त मसुद्याची प्रिंट देऊन "झाले काम" म्हणणारे एजंटही भेटतात. म्हणून दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक 2, या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

करारात काय लिहून घ्यावे?

ई-नोंदणीच्या नमुन्यात नेहमीच्या अटी आधीच असतात आणि त्यात आपल्या अटी जोडता येतात. वाद मात्र बहुतेक वेळा न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात. पुढील मुद्दे स्पष्ट असावेत.

लॉक-इन आणि नोटीस: सुरुवातीचे काही महिने कोणीही करार मोडायचा नाही, यालाच लॉक-इन म्हणतात. तो किती महिन्यांचा आणि दोघांना सारखाच लागू आहे का, ते लिहावे. फक्त भाडेकरूला बांधणारा आणि मालकाला मोकळा ठेवणारा लॉक-इन बऱ्याच करारांत आढळतो. नंतरची नोटीस एक महिन्याची की दोन, तेही लिहावे.

मेंटेनन्स आणि बिले: सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर सहसा मालक भरतो. वीज, गॅस आणि इंटरनेट भाडेकरू भरतो. ताबा घेण्याच्या दिवशी वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवावा.

दुरुस्ती: नळाचा वॉशर किंवा ट्यूब बदलणे भाडेकरूचे, तर गळती, भिंतीतली ओल, मोटर आणि वायरिंग मालकाचे, अशी ढोबळ विभागणी चालते. गीझर किंवा एसी बिघडला तर कोणी दुरुस्त करायचा, हे विशेष करून लिहावे. भांडणे बहुधा तिथेच होतात.

सामानाची यादी: पंखे किती, दिवे किती, गाद्या, कपाटे, चाव्या किती. यादी कराराला जोडावी.

डिपॉझिट कधी आणि किती परत: "घर सोडताना" एवढेच लिहिणे पुरेसे नाही. चावी देण्याच्या दिवशीच, थकीत बिले वजा करून, बँक खात्यात, असे लिहावे. रंगकामाचे पैसे कापायचे असतील तर ती रक्कम आधीच लिहावी. वापराने भिंत थोडी मळणे आणि भिंतीला भोके पाडणे यात फरक आहे. वापरामुळे होणाऱ्या नेहमीच्या झिजेचे पैसे भाडेकरूकडून घेणे योग्य नाही.

राहणार कोण: कुटुंबातले किंवा सोबत राहणारे कोण, हे लिहावे. घर दुसऱ्याला पोटभाड्याने देता येणार नाही, अशी अट असावी.

भाडेकरूने काय तपासावे?

मालकाच्या हाती निदान घर असते. भाडेकरूचे लाखभर रुपये डिपॉझिट म्हणून दुसऱ्याच्या खात्यात असतात आणि ते परत मिळण्याची हमी कागदावरच असते. म्हणून टोकन देण्याआधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

समोरचा माणूस खरोखर मालक आहे का? खरेदीखताचा इंडेक्स टू, मालमत्ता कराची पावती, वीजबिल किंवा सोसायटीचा शेअर दाखला यांपैकी किमान दोन कागदांवर त्याचे नाव हवे. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असेल तर दोघांनीही करारात यावे. मालकाच्या वतीने दुसरा कोणी सही करत असेल तर कुलमुखत्यारपत्र पाहावे.

घरावर कर्ज आहे का? कर्ज असणे वाईट नाही, बहुतेक घरांवर असते. पण मालकाने हप्ते थकवले तर बँक सरफेसी कायदा 2002 नुसार घराचा ताबा घेऊ शकते. तेव्हा भाडेकरूला घर सोडावे लागू शकते आणि डिपॉझिट मागण्यासाठी मालकाच्या मागे फिरावे लागते. सोसायटीच्या सचिवाला विचारले तर थकबाकी आणि बँकेच्या नोटिशींची कल्पना येते.

'हेवी डिपॉझिट' आहे का? मुंबई परिसरात मोठी रक्कम डिपॉझिट म्हणून द्यायची आणि भाडे शून्य किंवा नाममात्र, अशी पद्धत आहे. महिन्याचे भाडे वाचते म्हणून ती आकर्षक वाटते. पण यात भाडेकरू मालकाला विनातारण कर्जच देत असतो. एकच घर दोघा-तिघांना दाखवून रकमा घेण्याचे प्रकारही होतात. असा व्यवहार करायचाच असेल तर रक्कम बँकेतून द्यावी, पूर्ण आकडा करारात लिहावा आणि आधी नोंदणी, मग उरलेले पैसे, असा क्रम ठेवावा. शुल्काचा प्रश्न इथेही मोठा नसतो. आठ लाखांचे डिपॉझिट, भाडे शून्य आणि मुदत 24 महिने असेल तर धरलेले व्याज 1,60,000 रुपये आणि मुद्रांक शुल्क 400 रुपये होते. तेवढ्यासाठी करारात आकडा कमी दाखवायला तयार होणे म्हणजे आठ लाख धोक्यात घालणे आहे.

घर कसे आहे? दिवसा एकदा आणि संध्याकाळी पाणी येण्याच्या वेळी एकदा पाहावे. न्हाणीघराच्या बाहेरची भिंत, खिडकीखालचा भाग आणि वरच्या मजल्याखालचे छत इथे ओल आधी दिसते. नुकताच एकाच भिंतीला रंग दिलेला असेल तर कारण विचारावे. ताबा घेताना सगळ्या घराचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावा. दोन वर्षांनी डिपॉझिट परत घेताना तो कामाला येतो.

नोंदणीकृत करार भाडेकरूच्याही उपयोगाचा असतो. पत्त्याचा पुरावा म्हणून तो अनेक ठिकाणी चालतो. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेणाऱ्या नोकरदारांना तो आणि भाड्याच्या पावत्या लागतात. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅनही द्यावा लागतो.

सोसायटी काय मागू शकते?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला लेखी कळवणे आणि कराराची प्रत तसेच पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणे अपेक्षित आहे. आपल्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारले आहेत ते एकदा पाहून घ्यावे.

घर भाड्याने दिल्यावर सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, आकारू शकते. त्याची कमाल मर्यादा राज्य सरकारने 1 ऑगस्ट 2001 च्या आदेशाने सेवा शुल्काच्या 10 टक्के इतकी ठरवली आहे. मुंबई उच्च न्यायालयानेही ती योग्य ठरवली.

इथे गोंधळ होतो. हे 10 टक्के संपूर्ण मेंटेनन्स बिलाचे नसतात, भाड्याचे तर मुळीच नसतात. बिलात मालमत्ता कर, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड आणि सेवा शुल्क असे वेगवेगळे भाग असतात. एकूण बिल 4,000 रुपये असेल आणि त्यात सेवा शुल्क 1,500 असेल, तर बिनभोगवटा शुल्क महिन्याला जास्तीत जास्त 150 रुपये होते. घरात सभासदाचे आई-वडील, भावंडे, मुले, सून, जावई किंवा नातवंडे राहत असतील तर हे शुल्क लागत नाही.

पोलिसांना माहिती आणि कर

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचे आदेश मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत वेळोवेळी निघतात. ते न पाळल्यास मालकावर गुन्हा दाखल होऊ शकतो. माहिती पोलिसांच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते. पोच जपून ठेवावी. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर 24 तासांत त्याची माहिती कळवावी लागते.

मालकाला भाड्याच्या उत्पन्नावर कर लागतो. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, त्यासाठी खर्चाच्या पावत्या लागत नाहीत. महिन्याचे भाडे 50,000 रुपयांच्या वर असेल तर भाडेकरूला 2 टक्के टीडीएस कापून भरावा लागतो. ऑक्टोबर 2024 पूर्वी हा दर 5 टक्के होता.

पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट आणि मालक अमेरिकेत किंवा दुबईत, हे आता नेहमीचे चित्र आहे. मालक अनिवासी भारतीय असेल तर 50,000 ची मर्यादा लागू होत नाही. भाडे कितीही असो, भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो आणि उपकरासह तो सर्वसाधारणपणे 31.2 टक्के असतो. भाडेकरूने तो कापला नाही तर जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून मालक कुठे राहतो, हा प्रश्न आधीच विचारावा. परदेशातल्या मालकाने इथल्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र दिले असेल तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित केलेले हवे.

"दोनच महिन्यांचे डिपॉझिट" हा नियम आहे का?

समाजमाध्यमांवर अधूनमधून "नवा भाडे कायदा आला, आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही" असे संदेश फिरतात. केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर केला आणि त्यात राहण्याच्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे. पण तो राज्यांसाठी नमुना आहे. एखाद्या राज्याने तो स्वीकारून स्वतःचा कायदा केला तरच तिथे लागू होतो. महाराष्ट्रातले करार 1999 च्या कायद्यानुसार चालतात आणि लायसन्स करारातले डिपॉझिट दोघांनी ठरवायचे असते. गोव्यात 1968 चा वेगळा भाडे नियंत्रण कायदा आहे, त्यामुळे इथल्या तरतुदी तिथल्या घराला लावू नयेत.

मुदत संपत आली की

करार संपण्याच्या दोन महिने आधी दोघांनी बोलून घ्यावे. पुढे राहायचे असेल तर जुनी मुदत संपण्याआधी नवा करार करून त्याची नोंदणी करावी. "राहा की, नंतर करू" असे म्हणत मुदत उलटल्यावरही भाडे घेत राहणे मालकासाठी धोक्याचे आहे. वाद झाला तर ते भाडे कशाचे घेतले, हा नवा प्रश्न उभा राहतो. भाडेकरूलाही विनाकराराचे महिने सोयीचे नसतात, कारण दुप्पट भरपाईची तरतूद त्याच काळाला लागू होऊ शकते.

घर सोडायचे असेल तर शेवटच्या दिवशी दोघांनी घरात एकत्र यावे. सामानाची यादी, मीटर रीडिंग आणि बिले तपासावीत. चावी आणि उरलेले डिपॉझिट यांची देवाणघेवाण त्याच वेळी करावी. घराचा ताबा अमुक तारखेला परत मिळाला आणि कोणाचे काही देणे उरले नाही, असे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि प्रत्येकी एक प्रत ठेवावी.